घास, स्नायू आणि वीज

घास तोंडात घालेपर्यंत मनुष्य स्वतःचा धनी असतो. तो चावू लागला की त्याची सत्ता निम्मी उरते, आणि घास जिभेच्या मुळाशी पोहोचला की ती पुरती संपते. तेथून पुढे एका सेकंदाच्या आसपास तालूचा मागील मऊ पडदा उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, श्वास क्षणभर थांबतो, कंठिकास्थी आणि तिला जोडलेले स्वरयंत्र वर व पुढे सरकून श्वासमार्गाचे द्वार मिटते, आणि एरवी सदैव आवळून बसलेले अन्ननलिकेचे मुख नेमक्या वेळी सैल पडून घास आत घेते. जबड्यापासून गळ्यापर्यंतच्या तीसएक स्नायूंच्या जोड्या आणि मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या पाच जोड्या या एका कार्यात गुंतलेल्या असतात. निरोगी माणसाकडून ते जागेपणी आणि झोपेत मिळून दिवसाकाठी सुमारे ६०० वेळा घडते, आणि त्यातील बहुतेकांची वार्ताही त्याला नसते. या गुप्त कारभाराचे दप्तर ज्या साधनामुळे उघडून वाचता आले, ते म्हणजे आकुंचन पावणाऱ्या स्नायूत उत्पन्न होणाऱ्या अत्यल्प विजेचे मापन. हे मापन जबड्यापर्यंत आणि गळ्यापर्यंत कसे येऊन पोहोचले याची हकिकत विस्ताराने सांगण्याजोगी आहे. कारण इच्छेची हद्द कोठे संपते आणि शरीराचा स्वतंत्र अंमल कोठे सुरू होतो, या पुरातन प्रश्नाचे उत्तर तिच्यात लेखी स्वरूपात सापडते.

या इतिहासाचे दोन प्रवाह आहेत, एक बलाचा आणि दुसरा विजेचा. आणि दोन्ही सतराव्या शतकातील इटलीत, समकालीन म्हणता येतील अशा दोन पंडितांपाशी उगम पावलेले दिसतात. पीसा येथे गणित शिकविलेले जोव्हान्नी बोरेल्ली यांनी प्राण्यांच्या हालचालींवर लिहिलेला ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६८० व १६८१ या वर्षांत, प्रसिद्ध झाला. त्यात खालच्या दाढांवरून दोरी घेऊन तिला वजने टांगावयाची आणि जबडा मिटताना केवढा भार उचलतो ते पाहावयाचे, असा प्रयोग वर्णिलेला आहे. तस्कनीच्या ग्रँड ड्यूकांचे राजवैद्य फ्रान्चेस्को रेदी यांनी १६६६ च्या सुमारास विजेचा धक्का देणारा टॉर्पेडो मासा चिरून पाहिला आणि त्या धक्क्याचे स्थान स्नायूसारख्या दिसणाऱ्या एका विशेष अवयवात आहे, असे प्रतिपादन केले. धक्का विजेचाच असतो हे त्या काळी कोणास ठाऊक असणे शक्य नव्हते. एकाने जबड्याचे बल मोजले, दुसऱ्याने स्नायू आणि गूढ शक्ती यांचा संबंध सुचविला. परंतु या दोन गोष्टी एकाच मेजावर येण्यास आणखी पावणेतीनशे वर्षे जावी लागली, आणि त्यांतील बहुतेक काळ जबड्याऐवजी बेडकाच्या मांडीने व्यापला.

बोलोन्या येथील लुइजी गॅल्व्हानी यांचा स्नायूंच्या हालचालीतील विद्युत्-शक्तीवरील लॅटिन प्रबंध १७९१ साली प्रकाशित झाला. कापलेल्या बेडकाचा पाय दोन धातूंच्या जोडणीने स्पर्शिताच झटका देतो, याचा अर्थ प्राण्याच्या शरीरात स्वतःची वीज साठलेली असते, हे त्यांचे मत. आणि ती वीज दोन भिन्न धातूंच्या संपर्कातून येते, हे पाव्हिया येथील आलेस्सांद्रो व्होल्टा यांचे. या वादातून १८०० मध्ये व्होल्टा यांची विद्युत्-घटमाला जन्मली आणि तिच्या तेजापुढे प्राणिज विजेचा पक्ष काही दशके निस्तेज झाला. त्याला पुन्हा उभे केले ते कार्लो मात्तेउच्ची यांनी. एका बेडकाच्या आकुंचन पावणाऱ्या स्नायूवर दुसऱ्या बेडकाच्या पायाचा मज्जातंतू नुसता ठेवला असता तो दुसरा पायही झटका देतो, असे त्यांनी दाखविले; तेथे धातू नव्हता, घट नव्हता, म्हणजे आकुंचनासोबत स्नायू स्वतःच विद्युत्-संदेश देतो याचा तो रोख पुरावा होता.

मात्तेउच्ची यांचा निबंध १८४१ साली बर्लिनमध्ये योहानेस म्यूलर यांनी आपल्या एका तरुण शिष्याच्या हाती ठेवला आणि त्या शिष्याने, म्हणजे एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांनी, या विषयाला आपले आयुष्य वाहिले. तारेचे चोवीस हजारांहून अधिक वेढे गुंडाळून त्यांनी त्या काळी अपूर्व असा संवेदनशील प्रवाहमापक सिद्ध केला, आणि १८४८-४९ च्या सुमारास प्रश्न मनुष्यावर आणला: दोन्ही हातांची बोटे मिठाच्या पाण्याच्या दोन पात्रांत बुडवावयाची आणि मग एकच बाहू सर्व शक्तीनिशी आवळावयाचा. सुई हलली. त्वचा प्रवाहाला अडविते हे ध्यानी येताच त्यांनी फोड आणवून तेथील कातडी दूर केली आणि उघड्या जखमेवरून तोच प्रयोग केला, तेव्हा सुई कितीतरी अधिक सरकली. मनुष्याने केवळ मनात आणून केलेल्या कृतीची विद्युत्-नोंद होण्याचा हा पहिला प्रसंग. आणि स्नायू व मापक यांच्यामध्ये त्वचा उभी असते ही त्या दिवसांत कळलेली अडचण आजही या विद्येची पाठ सोडीत नाही.

गिळण्याचा अभ्यास या काळात निराळ्याच मार्गाने चालला होता. पॅरिसचे फ्रान्स्वा माझाँदी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिळण्याचे मुखातील, घशातील व अन्ननलिकेतील असे तीन टप्पे मुक्रर केले, आणि ती विभागणी पाठ्यपुस्तकांत अद्याप टिकून आहे. पुढे बर्लिनमध्ये ह्यूगो क्रोनेकर आणि त्यांचे विद्यार्थी सॅम्युएल मेल्टझर यांनी १८८० नंतरच्या तीनचार वर्षांत रबराचे लहान फुगे घशात व अन्ननलिकेत उतरवून, त्यांवरील दाब फिरत्या नळकांड्यावर उमटवून, प्रत्येक टप्प्याचा काल मोजला. हे फुगे मेल्टझर स्वतःच गिळीत असत. पातळ पदार्थ अन्ननलिकेच्या लाटेने हळूहळू ढकलला जात नाही, तर हनुवटीखालच्या स्नायूच्या आकस्मिक आकुंचनाने तो पिचकारीसारखा खाली फेकला जातो, असा त्यांचा सिद्धान्त होता. क्रोनेकर हे त्या वेळी द्यु ब्वा-रेमाँ यांच्याच शरीरक्रिया-संस्थेत एका विभागाचे प्रमुख होते. स्नायूची वीज ओळखणारा पुरुष आणि गिळण्याचा काल मोजणारा पुरुष एका छपराखाली काम करीत असताही ते दोन उद्योग एकत्र आले नाहीत, याचे कारण बुद्धीची उणीव नसून उपकरणाची उणीव होते: काही शतांश सेकंदांत येऊन जाणारी स्पंदने त्या जड सुईला पकडताच येत नव्हती. १८९६ मध्ये, क्ष-किरणांच्या शोधाला जेमतेम वर्ष झाले असता, हार्वर्ड येथील विद्यार्थी वॉल्टर कॅनन यांनी कुत्रा आणि हंसी यांना अपारदर्शक वस्तू गिळायला लावून त्यांचा प्रवास पडद्यावर पाहिला. घास दिसू लागला, परंतु त्याला हलविणारे हुकूम मात्र अदृश्यच राहिले.

ती उणीव पुढल्या तीस वर्षांत टप्प्याटप्प्याने भरून निघाली. विलेम आइन्थोव्हेन यांनी चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म तंतू चुंबकांच्या मध्ये ताणून तंतु-प्रवाहमापक बनविला. त्याची ख्याती हृदयालेखासाठी झाली, पण बर्लिनच्या हान्स पीपर यांनी तोच मनुष्याच्या स्नायूंना लावून १९१२ मध्ये त्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२२ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट गॅसर आणि जोसेफ अर्लँगर यांनी निर्वात नळ्यांचे विवर्धक आणि कॅथोड-किरणांचा दोलनदर्शक यांची सांगड घातली. किरणाला म्हणण्याजोगे वजन नसते. म्हणून स्पंदन कितीही त्वरित असले तरी त्याच्यामागे किरण रेंगाळत नाही. १९२९ मध्ये एडगर एड्रियन आणि डेटलेव्ह ब्रॉन्क यांनी इंजेक्शनच्या सुईच्या पोकळीत वेष्टित तार बसवून ती सुई स्नायूत घातली आणि तिचा प्रवाह ध्वनिवर्धकाला जोडला. तेव्हापासून संशोधक स्नायू पाहू लागले तसेच ऐकूही लागले. आकुंचन वाढत जाते तसा तो तुटक टकटकाट दाट होत जाऊन शेवटी एकसंध खळखळाट होतो, आणि अनुभवी कानाला त्यावरून पुष्कळ निदान करता येते.

एवढी सिद्धता झाल्यावर जबड्याकडे प्रथम वळले ते दंतवैद्य. वाकड्या दातांना सरळ करणाऱ्या विद्येपुढे एक प्रश्न कित्येक वर्षे पडून होता: दात ज्या स्थितीत वाढतात ती केवळ हाडांची देणगी, की भोवतालच्या स्नायूंच्या अखंड दाबाचा तो परिणाम? १९४९ साली अमेरिकेतील रॉबर्ट मॉयर्स यांनी ज्यांचा खालचा जबडा वरच्याच्या मानाने मागे असतो अशा मुलांच्या जबड्याच्या स्नायूंची विद्युत्-नोंद प्रसिद्ध केली आणि कानशिलावर पसरलेल्या टेम्पोरॅलिस स्नायूचे मागील तंतू त्यांच्यात अधिक क्रियाशील दिसतात, असा निष्कर्ष मांडला. पुढे १९५२ मध्ये शिकागोचे सॅम्युएल प्रुझान्स्की यांनी दंतसंशोधनात या पद्धतीचा उपयोग कसा करावा याचे विवेचन केले, त्याच वर्षी स्वीडनमध्ये स्वेन कार्लसो यांचा जबडा उचलणाऱ्या स्नायूंच्या परस्पर-सहकार्यावरील अभ्यास बाहेर पडला, आणि १९६६ मध्ये कोपनहेगनच्या आइगिल म्योलर यांनी चर्वणाचे स्नायू व चेहऱ्याची ठेवण यांचा संबंध तपासणारा मोठा प्रबंध लिहिला. दात आवळताच गालावर बोटाला टणक लागणारा मॅसेटर आणि कानशिलाचा टेम्पोरॅलिस हे दोन्ही त्वचेच्या लगत असल्याने त्यांवर विद्युत्-अग्रांच्या नुसत्या चकत्या चिकटविल्या तरी काम भागते. या सोयीमुळे चर्वणाचा अभ्यास गिळण्याच्या अभ्यासापुढे काही पावले गेला, आणि दात-जबड्याच्या दुखण्यांत, झोपेत दात खाण्याच्या व्याधीत, कवळी बसविलेल्यांच्या तपासणीत त्याचा वापर होऊ लागला.

गिळण्याच्या इतिहासातील खरा निर्णायक दाखला मात्र १९५६ सालचा आहे. रॉबर्ट डॉटी आणि जेम्स बॉस्मा यांनी बेशुद्ध केलेली माकडे, मांजरे आणि कुत्री यांच्या जीभ, तालू, घसा व स्वरयंत्र यांतील अनेक स्नायूंत विद्युत्-अग्रे बसवून, एकाच गिळण्यात कोणता स्नायू केव्हा जागा होतो आणि केव्हा शांत होतो, याचे वेळापत्रक तयार केले. हनुवटीखालचा मायलोहायॉइड आणि त्याचे सोबती आघाडीवर, त्यांच्या मागोमाग घशाचे वरचे, मधले आणि खालचे आवळते स्नायू ठरावीक अंतराने, आणि कित्येक स्नायू तर स्वतःची पाळी येईपर्यंत मुद्दाम दाबून गप्प ठेवलेले, असा तो क्रम होता. घशाला स्पर्श करून गिळणे चेतविले काय, पाणी सोडून चेतविले काय, किंवा स्वरयंत्राकडे जाणाऱ्या वरच्या मज्जातंतूला विजेने डिवचले काय, क्रम जवळजवळ तोच. एखाददुसरा स्नायू काढून टाकला तरी बाकीच्यांची पाळी चुकली नाही. पंगतीत मीठ, चटणी, कोशिंबीर, भात असे वाढपी ज्या अनुक्रमाने फिरतात तो अनुक्रम पानावर बसलेल्याच्या घाईने बदलत नाही, कारण तो आत, मुदपाकखान्यात ठरलेला असतो; गिळण्याची आज्ञाही तशीच गळ्यात ठरत नाही, ती मस्तिष्क-स्तंभातील एका केंद्रात संपूर्ण लिहून तयार असते आणि एकदा सुटली की शेवटपर्यंत अमलात येते. मेल्टझर यांनी पिचकारीचे काम ज्या स्नायूकडे दिले होते तोच या यादीत आघाडीला निघाला, हेही या ठिकाणी कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

चर्वणाच्या बाबतीत मात्र, हुकूम केंद्रातून सुटतो की तोंडातील स्पर्शातून, हा वाद अधिक दिवस चालला. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९१७ मध्ये दाखविले होते की मांजराच्या हिरड्यांना वा तालूला स्पर्श होताच जबडा प्रतिक्षेपाने उघडतो आणि स्पर्श सुटताच मिटतो. त्यावरून चावणे म्हणजे अशा प्रतिक्षेपांची साखळी, असे पुष्कळांना वाटू लागले. बेल्जियमचे फ्रेडेरिक ब्रेमेर यांनी १९२३ मध्ये केंद्रीय लयीची बाजू घेतली, परंतु निकाल लागला तो १९७१ मध्ये: डेलो आणि लंड यांनी सशांचे सर्व स्नायू औषधाने निश्चल केले, म्हणजे जबडा हलणेच अशक्य, दातांना स्पर्श नाही, स्नायूंना ताण नाही; आणि तरीही मेंदूला चेतना देताच जबड्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूंतून चर्वणाच्या लयीचे आवेग एकामागून एक निघत राहिले. तेव्हा लय केंद्राची, हे ठरले. तिच्यात भर घालण्याचा अधिकार मात्र तोंडाला आहे: घास टणक असेल तर मॅसेटरचे आवेग दाट होतात, तो मऊ पडेल तसे विरळ होतात, आणि ही दुरुस्ती दातांच्या मुळांशी व स्नायूंत बसलेल्या संवेदकांच्या खबरीवरून दर चावण्याला होत असते. गिळणे हे फर्मान आहे, चावणे हा वाटाघाटीने चालणारा कारभार आहे. आरंभी म्हटल्याप्रमाणे चावताना सत्ता निम्मी उरते, ती या अर्थाने.

मनुष्याच्या घशात खोलवर असलेल्या स्नायूंपर्यंत जाणे हे काम अर्थातच अवघड होते. कॅनडात जॉन बास्माजियन यांनी १९६२ च्या सुमारास केसासारख्या दोन वेष्टित तारा इंजेक्शनच्या सुईतून स्नायूत सोडून सुई काढून घ्यावयाची आणि तारा तेवढ्या आत ठेवावयाच्या, अशी युक्ती रूढ केली. त्यामुळे सुईची वेदना टळून माणूस मोकळेपणाने हालचाल करू लागला. त्याच वर्षी निघालेला त्यांचा ‘मसल्स अलाइव्ह’ हा ग्रंथ या विद्येची एक पिढी घडविणारा ठरला. तुर्कस्तानातील इझमीर येथे एगे विद्यापीठाचे जुम्हूर एर्तेकिन यांनी १९९० नंतरच्या दशकात हनुवटीखालील स्नायूंची विद्युत्-नोंद, स्वरयंत्राच्या वर-खाली होण्याची नोंद आणि अन्ननलिकेच्या मुखावरील क्रायकोफॅरिंजियस स्नायूतील सुईची नोंद अशा तिन्ही एका कागदावर आणल्या. हा शेवटचा स्नायू विशेष चिंतनीय आहे. बाकीचे आकुंचनाने काम करतात, हा विश्रांतीने करतो. सदैव चालू असलेली त्याची विद्युत्-क्रिया गिळण्याच्या ऐन क्षणी बंद पडते, आणि तेवढ्या अवधीत घास पार होतो. १९९६ मध्ये एर्तेकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी कसोटीही मांडली: निरोगी माणूस २० मिलिलिटर पाणी एका घोटात गिळतो, आणि ज्याला तेवढे वा त्याहून कमी पाणी दोन किंवा अधिक घोटांत गिळावे लागते त्याच्या गिळण्यात बिघाड आहे असे समजावे. हनुवटीखाली लावलेल्या चकत्यांवरून ते घोट बिनचूक मोजता येतात.

या मापनाची एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगणे आवश्यक आहे, कारण ती न ओळखल्यामुळे पुष्कळ चुकीचे निष्कर्ष निघत आले आहेत. वीज म्हणजे बल नव्हे. त्वचेवरील चकतीला मिळणारा संकेत काही मायक्रोव्होल्टपासून काही मिलिव्होल्टपर्यंतचा, आणि तो त्वचेची स्वच्छता, तिच्याखालच्या चरबीचा थर, चकत्यांतील अंतर, शेजारच्या स्नायूंचा कोलाहल यांनुसार बदलतो. हनुवटीखाली तर तीनचार स्नायू एकावर एक असल्याने तेथील नोंद कोणा एकाची म्हणताच येत नाही. म्हणून एका माणसाच्या मॅसेटरचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडणे व्यर्थ. सुज्ञ संशोधक प्रथम माणसाला पूर्ण शक्तीने दात आवळायला सांगतात आणि त्या आकड्याशी त्याच माणसाच्या इतर नोंदी पडताळतात. बोरेल्ली यांची टांगलेली वजने आणि द्यु ब्वा-रेमाँ यांची सुई या दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या, त्या आजही निरनिराळ्याच आहेत. या नोंदीचे खरे सामर्थ्य क्रम आणि काल सांगण्यात आहे: कोण आधी, कोण नंतर, किती वेळ.

आणि नेमक्या याच सामर्थ्यामुळे ती रुग्णाच्या उपयोगी पडली. १९६३ मध्ये बास्माजियन यांनी दाखविले की स्वतःच्या स्नायूचा आवाज ऐकविला आणि त्याचे स्पंदन पडद्यावर दाखविले, तर सामान्य माणूस अल्पावधीत एका चेतापेशीच्या अंमलाखालील तंतुसमूह हवा तेव्हा जागा करावयास आणि हवा तेव्हा थांबवावयास शिकतो. पक्षाघाताने ज्याचे गिळणे बिघडले आहे, ज्याला घोटभर पाणीही श्वासमार्गात जाण्याचे भय आहे, अशा माणसाला आपण जोराने गिळलो की दुबळेपणाने, स्वरयंत्र वर धरले की लगेच सोडले, हे आतून कळत नाही; हनुवटीखाली चकत्या लावल्या की पडद्यावरील रेषा त्याला ते सांगते, आणि वाणी व गिळणे यांचे उपचारतज्ज्ञ त्या रेषेच्या आधाराने त्याच्याकडून व्यायाम करून घेतात. हुकूम सुटल्यावर तो आवरता येत नाही हे खरे, पण तो किती जोराने सुटावा आणि स्वरयंत्र किती वेळ वर राहावे, यावर सरावाने थोडा ताबा मिळविता येतो.

आहारशास्त्रानेही या नोंदीचा लाभ घेतला. १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये बॉयर आणि किलकास्ट यांनी पदार्थाचा पोत तपासण्यासाठी चर्वणाची विद्युत्-नोंद वापरण्याची सूचना केली, आणि २००२ मध्ये जपानच्या काओरू कोहयामा व फ्रान्सच्या लोरांस मियोश आणि त्यांचे सहकारी यांनी तरुण आणि वृद्ध यांच्या नोंदी ताडून, वृद्ध माणसे तोच पदार्थ अधिक वेळा आणि अधिक काळ चावतात, असे दाखविले. म्हाताऱ्या माणसाचे जेवण लांबते यात त्याचा आळस नसतो. प्रत्येक चावण्यातील उणे पडलेले बल तो चावण्यांच्या संख्येने भरून काढीत असतो. घरोघर दिसणारी ही गोष्ट अशा रीतीने सिद्ध झाली, आणि वृद्धांसाठी अन्न किती मऊ असावे हे अंदाजाऐवजी मोजमापाने ठरविण्याची वाट मोकळी झाली.

बेडकाच्या पायापासून निघालेली ही विद्या दोन शतकांत रुग्णाच्या हनुवटीपर्यंत आली, आणि या प्रवासात तिला पुढे नेणारे बहुतेक लोक गिळण्याचा वा चावण्याचा विचारही करीत नव्हते. कोणी विजेचे स्वरूप शोधीत होता, कोणी हृदयाचा ठोका, कोणी मज्जातंतूचा वेग. म्हणून केवळ तात्काळ उपयोग पाहून संशोधनाची सनद देणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य वाचावा. दुसरी शिकवण अधिक मोलाची आहे. शरीराचा मोठा भाग आपल्या इच्छेविना, आपल्या नकळत, अत्यंत शिस्तीने आपले पोषण करीत असतो. ती शिस्त मोडते तेव्हा माणूस पहिल्यांदा तिचे महत्त्व जाणतो, आणि त्या वेळी त्याच्या शेजारी बसून त्याला घोट शिकविणाऱ्याच्या हाती जर या मोडलेल्या शिस्तीचा नकाशा असेल, तर तो नकाशा काढण्यात खर्ची पडलेली सर्व वर्षे सार्थकी लागली असे निःशंकपणे म्हणावे.